१ मे म्हणजे नुसता महाराष्ट्र दिन? कामगार दिन कुणी पुसला?

परळ_ते_ठाणे यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. लांबण लागणार आहे पण शेवटपर्यंत वाचा ही विनंती, तीन दिवस झाले डोक्यातून जात नाहीये.

आमच्या सोसायटीत १ मे ला झेंडावंदन असतं. या वेळी सेक्रेटरी म्हणाले तुम्ही दोन मिनिटं बोला, तुमचं वाचन आहे. मी बोललो. एवढंच बोललो की आज महाराष्ट्र दिन आहे तसाच कामगार दिनही आहे आणि हे दोन दिवस एकमेकांपासून तोडता येत नाहीत. मुंबई आपल्याला कुणी ताटात वाढून दिली नव्हती. २१ नोव्हेंबर १९५५ ला मोरारजी देसाईंच्या पोलिसांनी फ्लोरा फाउंटनला गोळ्या घातल्या तेव्हा समोर होता तो संपावर आलेला कामगार, त्या एका दिवसात १५ माणसं गेली, पुढे आकडा १०६ वर गेला. हुतात्मा चौकात जो पुतळा आहे तो कुठल्या राजाचा किंवा मंत्र्याचा नाही, एक शेतकरी आणि एक कामगार हातात मशाल घेऊन उभे आहेत. संयुक्त महाराष्ट्र समितीत अत्रे होते, एसेम जोशी होते, प्रबोधनकार होते, सेनापती बापट होते आणि कॉम्रेड डांगेही होते. कम्युनिस्टांच्या लाल बावट्याच्या कलापथकाने, म्हणजे अण्णाभाऊ साठे, अमरशेख, गव्हाणकर यांनी, ही चळवळ गावोगाव नेली. बस, एवढंच.

मी खाली बसायच्या आत एकजण म्हणाले, अहो आजच्या दिवशी राजकारण नको. संध्याकाळी ग्रुपवर सुरू झालं. गिरण्या लाल बावटेवाल्यांनीच बंद पाडल्या, हे लोक विकासाच्या आड येतात, आणि मग एकाने तो शब्द टाकला, अर्बन नक्षल. मला. माझे आजोबा ३४ वर्षं गिरणीच्या साचा खात्यात, म्हणजे विणकाम विभागात, उभे राहिले, कापसाच्या धुळीने खोकून खोकून गेले, त्यांच्याबद्दल दोन वाक्यं बोलल्यावर मी नक्षल?

आणि एक गोष्ट मला त्या क्षणी दिसली ती सांगतो. झेंड्याच्या बाजूला आमचे दोन सिक्युरिटी गार्ड कडक सलाम ठोकून उभे होते. त्यातल्या एकाची रात्रीची ड्युटी आदल्या दिवशी संध्याकाळी सातला लागलेली, सकाळी सातला संपलेली, पण कार्यक्रम आहे म्हणून त्याला साडेआठपर्यंत थांबवलेलं. बारा तास अधिक दीड. डोळे लाल झालेले. कामगार दिनाला, कामगाराबद्दल बोलू नका असं सांगणाऱ्या सभेत, तिथे हजर असलेले कामगार ते दोघेच होते आणि त्यांना खुर्ची नव्हती.

तर विचारायचं असं आहे की हे कधीपासून झालं? आमच्या शाळेत १ मे ला दोन्ही नावं घ्यायचे. आता पेपरातल्या पानभर जाहिराती बघा, महाराष्ट्र दिनाच्या हार्दिक शुभेच्छा, कामगार शब्द बारीक टायपात तळाला आला तर आला. माझं स्वतःचं मत आहे की हा विसराळूपणा नाही. ज्यांना कामाचे तास वाढवायचेत त्यांना आठ तास कसे मिळाले ही आठवण परवडत नाही. पण मी चुकत असेन तर सांगा. डाव्यांनी काय चुका केल्या तेही सांगा, मला आरती नकोय, समजून घ्यायचंय.

---

काळाचौकी_बदली:

दादा तुम्ही साचा खातं म्हणालात आणि मी थांबलोच. माझे वडील बदली कामगार होते. हल्लीच्या पोरांना बदली म्हणजे काय माहीत नसतं म्हणून सांगतो. रोज पहाटे गिरणीच्या गेटवर जाऊन उभं राहायचं, कायमवाला कुणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी आत घ्यायचे, नाहीतर परत घरी. असं वर्षानुवर्षं. १८ जानेवारी १९८२ चा संप लोक म्हणतात पगारवाढीसाठी होता, होताच, पण बदलीवाल्याला कायम करा ही मागणी होती आणि त्याहून मोठी मागणी होती की आमची युनियन कोणती ते आम्ही ठरवणार. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यात एका धंद्यात एकच मान्यताप्राप्त युनियन, ती होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगाराला ती नको असली तरी मालक बोलणार तिच्याशीच. अडीच लाख लोक डॉ. दत्ता सामंतांच्या मागे गेले ते याच्यासाठी. डॉक्टर काही लाल बावट्याचे नव्हते, ते काँग्रेसमधून आलेले, हेही ग्रुपवाल्यांना सांगा. आणि तो संप आजतागायत अधिकृतपणे मागे घेतलेला नाही. १६ जानेवारी १९९७ ला डॉक्टरांचा खून झाला.

आता गिरण्या संपाने बंद पडल्या की कसं ते बघा. संपाच्या आधीपासून मालकांनी मशीनरीत पैसा घालणं सोडलेलं, माग भिवंडीला गेले, तिथे ना युनियन ना फंड. गिरणीपेक्षा गिरणीखालची जमीन महाग झाली. १९९१ चा विकास नियंत्रण नियम ५८ आला, त्यात तीन वाटे होते, एक मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ ला त्यात बदल करून टाकला की वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची, बांधकाम उभं असलेल्या जमिनीची नाही. गिरणीत मोकळी जमीन असते किती हो? सगळी शेडच. हायकोर्टाने कामगारांच्या बाजूने दिलं पण २००६ ला सुप्रीम कोर्टाने तो बदल कायम केला. सहाशे एकर जमीन होती साधारण. कामगारांचे घरासाठी अर्ज दीड लाखाच्या वर आणि घरं मिळाली त्याच्या जेमतेम दहावा हिस्सा. आता सांगतात शेलू आणि वांगणीला जा. ज्याने परळ उभं केलं त्याने वांगणीला जायचं.

माझी आई खाणावळ चालवायची. एका खोलीत दोन पंगतीत १४ माणसं जेवायची, सगळी साताऱ्याकडची, काही कोकणातली. तिची वही माझ्याकडे आहे, लाल पुठ्ठ्याची, पेन्सिलने लिहिलेली, अक्षर माझ्या मोठ्या बहिणीचं कारण आईला लिहिता येत नव्हतं. जानेवारी ८२ पर्यंत प्रत्येक नावासमोर महिन्याची रक्कम आणि बरोबरची खूण. फेब्रुवारीपासून खुणा बंद. रक्कम आहे, खूण नाही. मेपर्यंत नावं कमी होत जातात, एकेकाच्या पुढे लिहिलंय "गावी". पावसाळ्यात वहीत तीन नावं उरली. आईने कुणाला जेवण बंद केलं नाही, डाळीत पाणी वाढवलं. पुढे प्रेमाताई पुरवांच्या अन्नपूर्णा महिला मंडळाने तिला बँकेचं कर्ज मिळवून दिलं म्हणून सावकाराच्या तावडीतून सुटली. प्रेमाताई पण लाल बावट्याच्याच. १९७५ साली त्यांनी खाणावळवाल्या बायकांना एकत्र आणलं, बँकेने अंगठेवाल्या बाईला कर्ज द्यायचं ही कल्पनाच तेव्हा कुणाला नव्हती.

ती उधारी कुणीच बुडवली असं आई म्हणत नाही. म्हणते, त्यांची बुडाली म्हणून माझी बुडाली.

---

सदाशिव_वाचक:

मी तुमच्या विरुद्ध बाजूचा आहे, पण शिव्या द्यायला आलो नाहीये.

खाणावळीचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण प्रश्न विचारायला पाहिजेत. संयुक्त महाराष्ट्र एकट्या कम्युनिस्टांनी आणला असं चित्र उभं राहतं तेही बरोबर नाही. समितीत समाजवादी होते, शेकाप होता, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन होतं, जनसंघ आणि हिंदुमहासभेचे लोकही होते. दुसरं म्हणजे डाव्यांच्या स्वतःच्या वर्तनाचं काय? ४२ च्या चळवळीला पक्षाने विरोध केला. ६२ ला चीनच्या प्रश्नावर पक्षात इतका गोंधळ की ६४ ला भाकप आणि माकप असे दोन तुकडे झाले. आणीबाणीत भाकपने इंदिराबाईंना पाठिंबा दिला, लोकशाहीच्या नावाने आज जे गळा काढतात त्यांनी हे आधी सांगावं. लोक दूर गेले ते मालकांच्या जाहिरातीमुळे नाही, याच्यामुळे गेले. मुंबईतला मराठी कामगार शिवसेनेकडे का वळला याचं उत्तर डाव्यांनी कधी दिलं नाही.

आणि आठ तासांचं म्हणाल तर माझा मुलगा आयटीत आहे, तो बारा तास काम करतो, तक्रार करत नाही. जग बदललंय.

---

परळ_ते_ठाणे:

@सदाशिव_वाचक, तुम्ही नीट बोललात म्हणून आधी आभार. ४२ आणि आणीबाणी हे दोन्ही मी मान्य करतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही, आणीबाणीत माकपचे कितीतरी लोक तुरुंगात होते पण भाकपने जे केलं ते केलं. समितीत सगळे होते हेही मान्य, मी भाषणात नावं सगळ्यांचीच घेतली होती, टाळायला सांगितलं गेलं ते मात्र एकच नाव, डांग्यांचं. बाकीच्यांबद्दल कुणाला राजकारण वाटलं नाही.

शिवसेनेकडे कामगार का वळला या प्रश्नात तथ्य आहे. पण ती नुसती मन वळवण्याची गोष्ट नव्हती ना काका. ५ जून १९७० ला लालबागचे आमदार कॉम्रेड कृष्णा देसाईंचा खून झाला. पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनीताई उभ्या राहिल्या आणि तिथून वामनराव महाडिक निवडून आले, सेनेचे पहिले आमदार. माझे आजोबा त्या प्रेतयात्रेत होते. ते सांगायचे की त्यानंतर चाळीत लाल बावट्याची वर्गणी मागायला येणारा माणूस दार हळू वाजवायला लागला. हे एका पिढीच्या मनात बसलेलं भय आहे, नुसतं मतपरिवर्तन नाही.

तुमच्या मुलाबद्दल एवढंच विचारतो, तो तक्रार करत नाही की तक्रार करायला जागाच नाही?

---

निळी_शाई:

वाचतेय सगळं. जे कुणी बोलत नाहीये ते बोलते.

डाव्यांची सगळ्यात मोठी चूक ६२ नाही आणि आणीबाणी नाही. ती साचा खात्यातच आहे. ओपीदादा (प्रश्न टाकणारे), तुमचे आजोबा साचा खात्यात होते म्हणालात. माझे पणजोबा रिंग खात्यात, म्हणजे सूतकताईत होते, आणि त्यांना साचा खात्यात कधी जाता आलं नाही. का, तर मागावरच्या धोट्यातला दोरा संपला की नवीन दोरा तोंडाने ओढून घ्यायचा असतो धोट्याच्या भोकातून, आणि ज्या धोट्याला महाराचं तोंड लागलं त्याला मराठ्याचं तोंड कसं लागणार? पगार साचा खात्यात जास्त होता. १९२८ च्या मोठ्या संपात, सहा महिने चालला तो, गिरणी कामगार युनियन त्याच वर्षी जन्माला आली, बाबासाहेबांनी हाच प्रश्न विचारला की कामगारांची एकजूट म्हणता तर साचा खातं आमच्यासाठी उघडा, ही मागणी तुमच्या मागण्यांत घाला. नेत्यांनी किती आढेवेढे घेतले. वर्ग वर्ग म्हणताना तोंडातल्या दोऱ्याएवढी जात त्यांना दिसली नाही.

१९५२ ला उत्तर मुंबईतून बाबासाहेब हरले. मतं कुजवा, म्हणजे वाया घालवा, असा प्रचार डांग्यांच्या पक्षाने केला हा आरोप स्वतः बाबासाहेबांनी निवडणूक याचिकेत केलाय. आमच्या घरात ही गोष्ट अजून सांगतात, आणि ज्या आवाजात सांगतात तो आवाज मी इथे टाईप करू शकत नाही.

तरी मी इथे डाव्यांच्या बाजूनेच लिहितेय, कारण गोष्ट तेवढीच नाही. ७ नोव्हेंबर १९३८ आठवा. इंडस्ट्रियल डिस्प्युट्स बिल आलं होतं, संप करणं जवळजवळ गुन्हा करणारं. त्या दिवशी बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला, निळं आणि लाल एका मंचावर. त्याच वर्षी खोतीच्या, म्हणजे कोकणातल्या जमीनदारी पद्धतीच्या, विरोधात कोकणातले शेतकरी बाबासाहेबांनी कौन्सिल हॉलवर आणले, शामराव परुळेकर तेव्हा त्यांच्याच पक्षात होते, पुढे ते आणि त्यांच्या पत्नी गोदाताई वारली आदिवासींमध्ये गेले. मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांच्याच काळात आठवड्याचे ५४ तास ४८ वर आणायचं पाऊल पडलं. म्हणजे तुमच्या सोसायटीत ज्यांच्या फोटोला हार घालतात त्यांनीच आठ तास दिलेत आणि ते नाव घेताना कुणाला राजकारण नको असं म्हणायची हिंमत होत नाही. मग तेच सांगा ना पुढच्या वेळी.

त्याच्याही मागे जायचं तर नारायण मेघाजी लोखंडे. महात्मा फुल्यांचे सहकारी, दीनबंधू वृत्तपत्र चालवायचे, १८८४ ला गिरणी कामगारांची संघटना काढली आणि १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्या लढ्यामुळे. मार्क्सचं नाव तेव्हा मुंबईत कुणी घेत नव्हतं. प्लेगच्या साथीत लोकांची सेवा करताना १८९७ ला गेले. आपला रविवार सत्यशोधकांनी दिलाय, हे किती जणांना माहितेय?

अण्णाभाऊंचं पण तसंच केलंय. पुतळा सगळ्यांना हवाय, २०२२ ला मॉस्कोत सुद्धा बसवला. पण १९५८ च्या दलित साहित्य संमेलनात त्यांनी उभं राहून सांगितलं की ही पृथ्वी शेषनागाच्या डोक्यावर नाही, कष्टकऱ्यांच्या तळहातावर उभी आहे, तो माणूस पुतळ्यात दिसत नाही. हातातला बावटा काढून घेतला आणि मग हार घातला. ज्याने "फकिरा" बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली तो एकाच वेळी लालही होता आणि निळाही होता. आमच्या घरात अण्णाभाऊ आणि बाबासाहेब एकाच भिंतीवर आहेत.

---

सुरगाण्याची_पोर:

मी जास्त पुस्तकं वाचलेली नाहीत, पण चाललेय.

६ मार्च २०१८ ला शेतकऱ्यांच्या मोर्चात नाशिकहून निघालो, १२ ला आझाद मैदान. १८० किलोमीटर म्हणतात. मी तेव्हा बारावी झालेली, आईबरोबर निघाले, ती म्हणाली नको येऊ, मी गेले. आमच्यात निम्म्या बायका. आईच्या चपलेचा अंगठा कसाऱ्याच्या घाटात तुटला, तिने साडीचा काठ फाडून बांधला आणि तशीच चालली, ठाण्यापर्यंत पोचलो तेव्हा टाचेची कातडी चपलेला चिकटून यायची. रडली नाही. रात्री मी पाय धुवायला घेतले तर म्हणाली राहू दे, सकाळी परत चालायचंय, ओली कातडी जास्त सोलते.

सोमय्या मैदानात पोचलो तेव्हा सगळे थकलेले, सकाळी उठून जायचं ठरलं होतं. मग नेते म्हणाले उद्या पोरांची दहावीची परीक्षा आहे, रस्ता अडला तर पोरं पोचणार नाहीत. म्हणून रात्रीच उठलो आणि अंधारात चालत आझाद मैदानात गेलो. कुणी आवाज केला नाही. सकाळी मुंबईची माणसं पाणी घेऊन, बिस्किटं घेऊन, चपला घेऊन आली. मुस्लिम वस्तीतली माणसं आली, शीख आले, डबेवाले आले. ते पण ठाण्यामुंबईचेच ना दादा, तुमच्या सोसायटीसारखेच. म्हणून मला वाटतं लोक वाईट झालेत असं नाही.

मागणी काय होती? जी जमीन आजा पंजापासून कसतोय ती आमच्या नावावर करा. वनहक्क कायदा २००६ चा आहे, १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असाल तर चार हेक्टरपर्यंत हक्क. आम्ही कसतो साडेतीन एकर, पट्टा आला बारा गुंठ्यांचा. आणि सातबाऱ्यावर नाव लागलं ते इतर हक्कात, कब्जेदारात नाही. म्हणजे बँक पीककर्ज देताना विचारते मालक कोण? वन विभाग. हे एवढं समजायला मला दोन वर्षं लागली, तलाठ्याकडे किती खेटे घातले त्याची गणती नाही. सरकारने लेखी दिलं होतं. परत २०२३ ला चालावं लागलं, तेव्हा वाशिंदला थांबलो, आमच्यातला एक माणूस तिथेच गेला.

आमच्याकडे लाल बावटा म्हणजे विचारसरणी वगैरे नाही, घरातला माणूस आहे. १९४५ ला डहाणू तलासरीकडे गोदाताई आणि शामराव गेले तेव्हा वारल्यांमध्ये लग्नगडी होता, लग्नाला कर्ज घेतलं की नवराबायको दोघं जमीनदाराचे वेठबिगार, जन्मभर. तिथे वेठ संपली. जेठ्या गांगडला गोळी लागली, अजून चौघांना लागली, त्यांची नावं तिकडे पोरांना माहिती असतात. शहरात म्हणतात डावे संपले, डहाणूला २०१९ ला आणि २०२४ ला परत विनोद निकोले निवडून आलेत. एकच आमदार आहे माकपचा, पण आहे. १० जुलै २०२५ ला विधानसभेत जनसुरक्षा विधेयक आलं तेव्हा उभा राहून विरोध करणारा तोच होता.

त्या कायद्याची भीती वाटते हे खरं सांगते. त्यात लिहिलंय कडव्या डाव्या संघटना. कडवं म्हणजे किती ते कोण मोजणार? मोर्च्यात चालले म्हणून मी कडवी का? संघटना बेकायदेशीर ठरवली की नुसतं सभासद असलं तरी तीन वर्षांपर्यंत कैद आणि तीन लाखांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र. तीन लाख आमच्या पाड्यावर कुणी एकत्र बघितले नाहीत. बंदूकवाल्यांसाठी यूएपीए कायदा आहेच की, मकोका आहे. मग हा कुणासाठी?

---

चाकण_शिफ्ट_बी:

मी कंपनीच्या बाजूने बसतो, म्हणजे एचआरला आहे, एका ऑटो पार्ट बनवणाऱ्या कंपनीत. नाव सांगत नाही. म्हणून मला कुणी डावा म्हणणार नाही, पण या थ्रेडमध्ये लिहावंसं वाटलं.

ओपी म्हणतात २१ नोव्हेंबर १९५५. मला ती तारीख वाचून कसंतरी झालं कारण केंद्राचे चार लेबर कोड, म्हणजे नवे कामगार कायदे, लागू झाले ती तारीख पण २१ नोव्हेंबर, २०२५. फ्लोरा फाउंटनच्या गोळीबाराला बरोबर ७० वर्षं. मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, दिल्लीत ती तारीख कुणाच्या लक्षातही नसेल. पण महाराष्ट्रातल्या एकाही पेपरात मला हे वाचायला मिळालं नाही.

कोडमध्ये सगळंच वाईट आहे असं नाही, नेमणूक पत्र सगळ्यांना द्यावं लागतं, फिक्स्ड टर्मवाल्याला, म्हणजे ठरावीक मुदतीच्या कामगाराला, एका वर्षात ग्रॅच्युइटी, या चांगल्या गोष्टी आहेत आणि मी त्या आमच्याकडे करून घेतल्या. पण मुख्य बदल कुठे आहे ते आम्हाला ट्रेनिंगमध्ये पहिल्याच तासाला शिकवलं. कामगार काढायला, कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागायची १०० कामगारांच्या वर, आता ३०० च्या वर. आमच्या भागातले किती शेड ३०० च्या आत बसतात ते एकदा एमआयडीसीत फिरून बघा. संपाला १४ दिवस आधी नोटीस, आणि बोलणी चालू असताना संप करता येत नाही. निम्म्या लोकांनी एकाच दिवशी सामूहिक रजा टाकली तर तोही संप. म्हणजे कायद्यात संपाचा हक्क आहे, पण तो वापरायचा दिवस कॅलेंडरवर सापडत नाही. बाबासाहेबांनी १९३८ ला ज्याच्या विरोधात संप केला असं वर ताईंनी लिहिलंय ते वाचून मी दोन मिनिटं स्क्रीनकडे बघत बसलो.

आणि सप्टेंबर २०२५ ला राज्याने कारखान्यात दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर न्यायचा निर्णय घेतला, ओव्हरटाईम तिमाहीला ११५ वरून १४४. कामगाराची लेखी संमती घेऊन. ती संमती मी घेतो, म्हणून सांगतो कशी असते. जॉइनिंगच्या दिवशी १७ कागद असतात, पोरगा लातूर किंवा परभणीहून आलेला असतो, आयटीआय झालेला, बॅग अजून खांद्यालाच. संमतीचा कागद अकरावा. मी म्हणतो सही कर, तो करतो. आजपर्यंत एकानेही वाचायला मागितला नाही आणि एखाद्याने मागितला तर मी काय करीन याचा विचार मी या आठवड्यात पहिल्यांदा केला.

@सदाशिव_वाचक काका, जग बदललंय हे तुम्ही म्हणता ते खरं आहे, पण ते आपोआप बदललेलं नाही, मसुदा बनवून, सह्या घेऊन बदललंय. त्या सह्या घेणाऱ्यात मी आहे.

---

सदाशिव_वाचक:

सगळं वाचलं. दोनदा वाचलं. माझी मतं एका थ्रेडने बदलणार नाहीत, आणीबाणीत माझे वडील येरवड्याला होते, ते मी विसरू शकत नाही. पण रविवारची सुट्टी लोखंड्यांनी मिळवली हे मला ७१ व्या वर्षी कळलं याची खंत वाटते. आम्ही शाळेत फुले शिकलो ते मुलींच्या शाळेपुरते.

आणि ओपी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून मी काल रात्री मुलाला फोन केला. विचारलं की तक्रार का करत नाहीस. तो म्हणाला, कुणाकडे करू बाबा? एवढंच म्हणाला.

---

परळ_ते_ठाणे:

सगळ्यांचे आभार. @निळी_शाई ताई, धोट्याची गोष्ट मला माहीत नव्हती हे कबूल करतो. आजोबांनी साचा खात्याबद्दल तासन् तास सांगितलं, तोंडाने दोरा ओढायचं सुद्धा सांगितलं, पण त्या खात्यात कोण नव्हतं हे कधीच सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. माझ्या भाषणात पण ते नव्हतं. मी डाव्यांच्या चुका विचारल्या आणि पहिली चूक माझ्याच घरातली निघाली. हे मनात राहील.

@सुरगाण्याची_पोर, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. तू विचारलंस ते बरोबर आहे, चपला घेऊन येणारी आणि ग्रुपवर नक्षल म्हणणारी माणसं बऱ्याचदा एकच असतात. समोर पाय दिसले की माणूस वागतो वेगळं.

म्हणून मी ठरवलंय की ग्रुपवर उत्तर देत बसायचं नाही. काल रात्री खाली जाऊन गार्डशी बोललो, अर्धा तास. गावाकडे दोन एकर कोरडवाहू आहे, इथे पाच जण मिळून एक खोली, आठवड्याची सुट्टी नाही, सुट्टी घेतली तर कॉन्ट्रॅक्टर दिवस कापतो. आमच्या सोसायटीत तीन वर्षं झाली त्याला, आणि मला त्याचं पूर्ण नाव काल कळलं. १८९० ला मिळालेला रविवार त्याच्यापर्यंत अजून आलेला नाही.

पुढच्या महिन्यात जनरल बॉडी आहे. ठराव टाकतोय की सिक्युरिटी दोन पाळ्यांऐवजी तीन पाळ्यांत, आठ तासांची एक, आणि आठवड्याला एक पगारी सुट्टी. मेंटेनन्स थोडा वाढेल. खाजगीत सात घरं हो म्हणालीत, त्यात तो राजकारण नको म्हणणारा पण आहे, कारण त्याची आई घरकामाला जायची हे त्यानेच मला लिफ्टमध्ये सांगितलं. ठरावाचा मसुदा कुणी नीट कायद्याच्या भाषेत करून देईल का?

---

चाकण_शिफ्ट_बी:

मी देतो. मसुदे बनवणं हेच माझं काम आहे. आधी कॉन्ट्रॅक्टरला विचारा की १९८१ च्या सुरक्षा रक्षक कायद्याखाली बोर्डात नोंदणी आहे की सूट घेतलेली आहे, आणि पीएफचा चलान मागा, शेवटच्या तीन महिन्यांचे. तोंडी नको, लेखी मागा.

---

काळाचौकी_बदली:

आणि ठरावाच्या सभेला त्या दोघांना बसायला खुर्च्या ठेवा.